पंचवटी एक्स्प्रेसने बँकॉकला

निघण्याआधी

परदेशवारीचं ठरलं की बहुतेक घरांत आधी काय काय बघायचं याची यादी होते. आमच्या वहिनीने यादी केलीच नाही. ती शिक्षिका आहे आणि दर जूनला अख्ख्या शाळेच्या तासिकांचं वेळापत्रक तीच लावते. तिचं म्हणणं एकच : जागा बघून होतातच, दिवस वाया जातो तो गाडी बदलताना. म्हणून तिने वहीत प्रत्येक वारासमोर दोनच गोष्टी लिहिल्या. कुठून कशात बदलायचं, आणि परतीची शेवटची कधी. बाकी पान कोरं.

दादाला हे पटायला वेळ लागला. त्याचं भांडीबाजारात दुकान आहे. दुकान बंद ठेवून जायचं तर पै न् पै वसूल झाली पाहिजे, हा त्याचा हिशोब. "टूर कंपनीत नाव टाकू. नेतात, आणतात, वर रात्री वरण-भात पण घालतात," हे पालुपद आठवडाभर चाललं होतं. शेवटी वहिनीने एका टूरचा कार्यक्रमच त्याच्यापुढे ठेवला. त्यात अयुथया ही जुनी राजधानी नव्हती, नदीतली साधी बोट नव्हती, रत्नांच्या शोरूमला मात्र अर्धा दिवस होता. शोरूममध्ये गिऱ्हाइकाचं काय होतं ते दुकानदाराला वेगळं सांगावं लागत नाही. दादा गप्प झाला.

बँकॉकच का, तर मुंबईहून थेट विमान सव्वाचार-साडेचार तासांत पोचतं आणि घड्याळ फक्त दीड तास पुढे करायचं असतं. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टला व्हिसाही लागत नव्हता. हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. शिवाय शहरात उन्नत रेल्वे आहे, भुयारी मेट्रो आहे, नदीत बोट आहे, कालव्यात वेगळी बोट आहे, आणि यातलं एक जिथे संपतं तिथून बहुधा दुसरं सुरू होतं. वहिनीला तेच हवं होतं.

आम्ही नाशिकचे. इथल्या ओझर विमानतळाहून देशातल्या काही शहरांना विमानं आहेत, पण परदेशी जायचं तर मुंबई गाठणं आलं. स्वस्त तिकिटांची बहुतेक विमानं आडवेळेची. मध्यरात्रीनंतर बँकॉकला उतरलात तर रेल्वे बंद, टॅक्सी करा. पहाटे चारला उतरलात तर हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. तिकिटात वाचलेले पैसे तिथे जातात. म्हणून आम्ही थोडं महाग, पण दुपारचं विमान घेतलं. बँकॉकला विमानतळही दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. तिकिटावर बीकेके लिहिलंय की डीएमके हे बघायलाच हवं, कारण दोन्हींची रेल्वे वेगळी आणि शहरात निघण्याचं ठिकाणही वेगळं.

हॉटेल ठरवताना मी इंटरनेटवर नदीकाठच्या खोल्या बघत बसलो होतो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, नदी बघायला बोट आहे. झोपायला स्टेशन हवं." सुवर्णभूमीहून येणारी एअरपोर्ट रेल लिंक जिथे संपते ते फाया थाई आणि त्याच्या पुढचं राचाथेवी, या दोन स्टेशनांच्या मधल्या गल्लीत तिने साधंसं हॉटेल शोधलं. नऊ-दहा मिनिटं चाललं की कालव्याच्या बोटीचा धक्काही. पुढे पायांनी या निवडीला रोज दुवा दिला.

कागदपत्रांचं म्हणाल तर पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. १ मे २०२५ पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि सरकारी संकेतस्थळावर त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी पानं दिसली की ती सरकारी नव्हेत एवढं ओळखावं. दुसरी गोष्ट बँकेच्या कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत, आणि काँटॅक्टलेसचं बटण वेगळं असतं. तिथल्या भुयारी मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्ड नुसतं फाटकाला टेकवून आत जाता येतं, म्हणून ही दोन्ही बटणं नाशिकलाच चालू करून घेतली. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की दर खेपेला २२० बाटच्या आसपास शुल्क कापतात. बाट तेव्हा पावणेतीन रुपयांच्या घरात होता. म्हणजे सहाशे रुपये उगाच. आम्ही बाट रोखच नेले.

बुधवार

दादाने शेवटचा प्रयत्न केला : "इनोव्हा करू, थेट विमानतळाच्या दारात." पण मुंबई-आग्रा रस्त्याने विमान गाठायचं म्हणजे माणकोलीच्या कोंडीवर आपली भिस्त ठेवायची. आम्ही सकाळी सातला नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस धरली. १९७५ पासून ही गाडी नाशिककरांना मुंबईला नेते आणि संध्याकाळी परत आणते. पासवाल्यांच्या गप्पा, पत्त्यांचे डाव, कसारा घाटात खिडकीकडे वळणाऱ्या माना, सगळं नेहमीचं. समोरच्या काकांनी बॅगा बघून विचारलं, "कुठं निघालात?" दादा म्हणाला, "बँकॉक." काकांनी पत्ते खाली ठेवले आणि दादाकडे, मग वहिनीकडे बघितलं. "वहिनींना घेऊन? बरं, बरं."

सीएसएमटीला उतरल्यावर पूर्वी इथूनच टॅक्सीची घासाघीस सुरू व्हायची. आता भुयारी मेट्रो ३ कफ परेडपासून आरेपर्यंत धावते आणि तिला सीएसएमटीलाही स्टेशन आहे, विमानतळाच्या टी२ ला, म्हणजे टर्मिनल २ लाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून नाशिकहून टी२ पर्यंत जायला एकदाच गाडी बदलावी लागते. वहिनीने वहीत त्या ओळीवर बरोबरची खूण केली. विमान सुटायला चांगले तीन तास होते.

रात्री साडेनऊनंतर सुवर्णभूमीला उतरलो. इमिग्रेशनची रांग नागमोडी, पण सरकती. तिथून जिने उतरत थेट तळघरात. रेल लिंकच्या फाटकाशेजारी पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांपेक्षा इथला दर चांगला असतो; आम्ही बरोबरचे थोडे डॉलर इथेच मोडले. फाया थाईपर्यंत माणशी ४५ बाट, प्रवास अर्ध्या तासाच्या आत. प्लास्टिकचं टोकन आत जाताना टेकवायचं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. दादाने ते खिशात घातलं होतं, फाटक उघडेना. मागची मुलगी हसली, तिने फट दाखवली. अकराच्या सुमारास खोलीत होतो, आणि टॅक्सी अशी अजून एकही नाही.

गुरुवार

सकाळी बीटीएसच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून तिघांची रॅबिट कार्डं, म्हणजे आधी पैसे भरून फाटकाला टेकवायची कार्डं, घेतली. बीटीएस म्हणजे डोक्यावरून धावणारी रेल्वे, ती ५ डिसेंबर १९९९ पासून चालू आहे. भुयारी मेट्रो ही वेगळी व्यवस्था, तिचं भाडं वेगळं, तिथे हे कार्ड चालत नाही. एकाच चौकात दोन्हींची स्टेशनं असतात आणि नावं मात्र निरनिराळी : वरचं अशोक, खालचं सुखुमवित, वरचं साला डेंग, खालचं सी लोम. नकाशा पाहिल्याशिवाय हे कळणं अवघड. फलाटावर उभं राहून मी आपल्या मेट्रो निओचा, म्हणजे नाशिकला जाहीर झालेल्या रबरी टायरांच्या मेट्रोचा, विषय काढला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते. दादा म्हणाला, "गाडी येतेय, तू आत चढ."

सियाम स्टेशनला त्याच फलाटावर समोरच्या बाजूला दुसरी गाडी मिळते. तिने सफान ताक्सिनला उतरलं की पुलाखालीच साथोर्नचा धक्का. तिथे पर्यटकांच्या निळ्या झेंड्याच्या बोटीची तिकिटं विकणारे आधी भेटतात. त्यांना ओलांडून पुढे गेलं की नारिंगी झेंड्याची बोट, कुठूनही कुठेही १६ बाट. हीच घ्यावी. तिच्यात कचेरीला जाणारे असतात, गणवेशातली पोरं असतात, आणि भिक्खूंसाठी राखलेली जागा असते. कंडक्टर बाईच्या हातात पत्र्याची लांब नळी, तिच्यात नाणी आणि तिकिटाचं भेंडोळं; ती नळी खुळखुळवत गर्दीतून फिरते आणि नळीच्याच झाकणाने तिकीट फाडते. मागच्या टोकाला एक पोरगा शिट्टी वाजवतो. लांब शिट्टी, दोन तोकड्या, पुन्हा लांब. चालकाला धक्का दिसत नाही, तो या शिट्ट्यांवर बोट लावतो. बोट टेकते न टेकते तोच लोक उड्या मारून उतरलेले असतात, दोर धड बांधलेलाही नसतो. वहिनी बिचकली. पोऱ्याने हात पुढे केला आणि तिला अलगद फळीवर घेतलं.

था चांगला उतरून राजवाड्याकडे चालू लागलो तर चांगल्या कपड्यांतला एक गृहस्थ भेटला. "आज पॅलेस बंद आहे, धार्मिक विधी आहे. मी तुम्हाला दुसरी मंदिरं दाखवतो, टुकटुक स्वस्तात." हा या शहरातला जुना डाव आहे, आणि त्याचा शेवट रत्नांच्या दुकानात होतो. पंचवटीत रामकुंडाच्या वाटेवर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला हे नवीन नाही. दादा त्याला अस्सल मराठीत म्हणाला, "आम्हीपण तीर्थक्षेत्राचेच आहोत, भाऊ." तो काय समजला कोण जाणे, बाजूला झाला.

राजवाड्याचं तिकीट ५०० बाट, माणशी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. थायलंडच्या सध्याच्या राजघराण्याचा मूळ पुरुष पहिला राम. त्याने १७८२ मध्ये ही राजधानी वसवली आणि थाई रामायण, म्हणजे रामकियेन, त्याच्याच दरबारात लिहून घेतलं गेलं. आवारातल्या वाट फ्रा केओ (थाईत वाट म्हणजे देऊळ) या देवळाला चारी बाजूंनी ओवरी आहे आणि तिच्या भिंतींवर हे सगळं रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रांत. गर्दीचा लोंढा पाचूच्या बुद्धाकडे जातो. (मूर्ती जेमतेम दोन फुटांची आहे, जेडची आहे, आणि ऋतू बदलला की तिची वस्त्रं खुद्द राजा बदलतो.) ओवरीत तुलनेने शुकशुकाट.

आम्ही तिथे रेंगाळलो ते दुपार होईपर्यंत. राम हिरवा आहे. लक्ष्मण सोनेरी. मारुती पांढराशुभ्र, अंगावर दागिने, चेहऱ्यावर खट्याळ भाव. लंकेचे वाडे थाई छपरांचे, आणि युद्धाच्या चित्रात एका कोपऱ्यात कुणी चूल पेटवतंय, कुणी कोंबड्या झुंजवतंय. सोन्याचा मुलामा नुसता लखलखत नाही. मुकुट, रथ, महालांची छपरं तेवढी सोन्याची, बाकीचं गर्द निळं-हिरवं जंगल. एका चित्रापुढे एक चित्रकार बाई छोट्या स्टुलावर बसून अगदी बारीक कुंचल्याने एका राक्षसाच्या बाजूबंदाची झिजलेली रेघ पुन्हा ओढत होत्या. एवढीशी रेघ, आणि तीन वेळा मागे सरकून बघणं.

"आपलं नाशिक कुठंय यात?" दादाने विचारलं. शोधायला लागलो. सोनेरी हरीण सापडलं, पर्णकुटी सापडली. पर्णकुटी म्हणजे चक्क देखणा मंडप होता. "सीतागुंफेपेक्षा प्रशस्त आहे," वहिनी म्हणाली. शूर्पणखा इथे सम्मनखा होते, आणि तिचं नुसतं नाक-कान कापून भागत नाही, हातपायही जातात. पण दादाला खरा धक्का बसला तो मारुतीचा. रामकियेनमधला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या जलपरीच्या, रावणाच्या लेकीच्या, तो प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. मी फोनवर वाचून दाखवत होतो. दादा दर शनिवारी मारुतीला तेल वाहतो. "हे दुकानात कुणाला सांगू नकोस," एवढंच बोलला.

वाट फो चालत दहा मिनिटांवर. तिकीट ३०० बाट. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि तो पुरा कुठूनच दिसत नाही, खांबांच्या मधून तुकड्या-तुकड्याने बघावा लागतो. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने १०८ शुभचिन्हं काढली आहेत. पाठीमागच्या भिंतीशी ओळीने १०८ पंचरसी भांडी. लोक एकेकात नाणं टाकत जातात. दादाने नाणी टाकली नाहीत. त्याने भांड्याला नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मान हलवली. जात्याच तांब्या-पितळेतला माणूस.

वाट अरुणला पलीकडे नेणारी नाव पाच बाटची. मग संध्याकाळी पाक ख्लोंग तलाट, फुलांचा बाजार, जो रात्रंदिवस चालू असतो. आपल्या गणेशवाडीच्या फुलबाजारात वाढलेल्या नाकालाही इथे नवं काही मिळतं, कारण मोगऱ्याच्या कळ्या बर्फाच्या चुऱ्यात ठेवलेल्या असतात आणि थंड मोगऱ्याचा वास जरा हिरवट येतो. एक आजी हातभर लांब सुईवर कळ्या ओवत होत्या, सुईभोवती एकेक गोल थर, प्रत्येक थरात कळ्या तिरप्या. सुई भरली की एका झटक्यात सगळं दोऱ्यावर. वहिनीने बघून घेतलं, पण सुई मिळेना. सनाम चाय मेट्रो स्टेशन तिथेच आहे. आतून दरबारी खांब आणि नक्षीदार छत, खाली मात्र कार्ड टेकवून चालू पडायचं.

शुक्रवार

अयुथया. इथे जायला एसी बस आहेत, टॅक्सी आहेत, टूर आहेत. आम्ही मेट्रोने हुआ लाम्फोंगच्या जुन्या स्टेशनावर गेलो आणि तिसऱ्या वर्गाची तिकिटं काढली. माणशी वीस बाटही नाहीत. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून नव्या क्रुंग थेप अफिवाट स्टेशनातून सुटतात. पॅसेंजर अजून इथूनच. ७१ किलोमीटरला तिने दोन तास घेतले. खिडक्या उघड्या, पंखे फिरताहेत, टोपलीत पेरू घेतलेल्या बाया डब्यातून येजा करताहेत. पेरूबरोबर तिखट-मीठ-साखरेची पुडी. साखर कशाला, ते कळलं नाही, पण संपवली.

स्टेशनातून सरळ समोर चालत गेलं की नदी, नावेने पलीकडे, आणि तिथे भाड्याच्या सायकली. सिटी बस इथे नाहीच म्हटलं तरी चालेल. १३५० मध्ये वसलेली ही राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळली. १९९१ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. विटांचे मनोरे, शिरं उडवलेले बुद्ध, आणि वाट महाथाटमध्ये झाडाच्या मुळांनी कवटाळलेलं ते एक प्रसिद्ध शिर. त्याच्यापुढे फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, बुद्धाच्या मस्तकापेक्षा आपलं वर जाता कामा नये. पहारेकरी त्यावर लक्ष ठेवून असतो.

ऊन कडक. बाराच्या पुढे सायकल मारणं शहाणपणाचं नाही, आणि सगळे अवशेष बघायचा हट्ट तर नाहीच. तिसऱ्या देवळानंतर दादाने विटांकडे पाठ केली. त्याला रोती साय माय सापडली होती : तव्यावरची तळहाताएवढी पातळ पोळी, तिच्यात रंगीत म्हातारीचे केस घालून गुंडाळी करायची. गावातले मुसलमान विक्रेते ती करतात, आणि ती शुद्ध शाकाहारी आहे याचा दादाला आनंद फार.

कारण इथे शाकाहार हा प्रश्नच आहे. भाजी म्हणून दिली तरी तिच्यात माशाचा रस्सा असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत, आपल्याला इंग्रजी १७ वाटावं असं चिन्ह दिसलं की ते 'जे' दुकान. तिथे मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल. मी स्वतः मासे खातो, त्यामुळे मी मजेत होतो.

संध्याकाळी हुआ लाम्फोंगला परत उतरलो तेव्हा बरोबर सहा वाजत होते. घोषणा थांबल्या आणि राष्ट्रगीत सुरू झालं. झाडूवाला उभा, तिकीटवाला उभा, धावत आलेली पोरगी बॅग हातात तशीच उभी. देशभर रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला असंच. दादाच्या तोंडात रोती होती. गीत संपेपर्यंत त्याने ती चावली नाही.

शनिवार

वहिनीच्या वहीतलं सगळ्यात गजबजलेलं पान. बीटीएस, मग चालणं, मग रेल्वे, मग नाव, पुन्हा चालणं, पुन्हा रेल्वे. मेक्लोंगला बाजाराच्या पोटातून आगगाडी जाते, हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण बाजारापर्यंत जी रेल्वे जाते ती देशातल्या बाकी रेल्वेला कुठेच जोडलेली नाही, आणि तिचेही दोन तुकडे आहेत, मध्ये नदी. बँकॉकच्या वोंगवियन यायपासून महाचायपर्यंत एक, नदीपलीकडे बान लेमपासून मेक्लोंगपर्यंत दुसरी. पहिलीच्या गाड्या बऱ्याच; दुसरीच्या दिवसाला चार. दहा वाजून दहाची चुकली की पुढची दीडला. त्यामुळे इथे वेळापत्रक उलटं वाचायचं, शेवटाकडून सुरुवातीकडे.

साडेआठच्या सुमाराची गाडी धरली. वोंगवियन याय स्टेशन इतकं दडलेलं आहे की फलाटावरच खाण्याची दुकानं आणि दुकानांच्या मागे रूळ. गाडी निघाली ती लोकांच्या परसातून. वाळत घातलेले कपडे हाताला लागतील इतके जवळ. एक तासाचे दहा बाट. महाचाय हे मासळीचं मोठं बंदर. स्टेशनातून बाहेर आलो तर दोन्ही बाजूंना सुकट, सोडे, बोंबलाचे भाऊबंद, ढिगांनी. वहिनीने पदर नाकाला लावला आणि पावलं मोजत नावेपर्यंत गेली. मी मागे रेंगाळलो, म्हणून तिने वळून नुसतं घड्याळ दाखवलं.

नाव तीन बाटची. मोटरसायकली आधी चढतात, माणसं मग त्यांच्यामधून वाट काढतात. पलीकडे उतरून उजवीकडे दहा-पंधरा मिनिटं चाललं की बान लेम. एक फलाट, एक गाडी, एक झोपलेलं कुत्रं. दहाची वेळ, दहा मिनिटं हातात. वहिनीने चहा घेतला. दुधाचा, नारिंगी रंगाचा, बर्फ घातलेला, आणि भलताच गोड.

हा दुसरा तास सहलीतला सगळ्यात सुंदर. दोन्हीकडे मिठागरं, त्यांच्यात आभाळ, मध्येच पवनचक्कीसारखं काहीतरी फिरणारं, आणि गाडीचा वेग असा की सायकलवाला पोरगा थोडा वेळ बरोबर राहिला. डब्यात परदेशी आम्ही आणि एक फ्रेंच जोडपं. मग शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला गाडी जवळजवळ थांबली, भोंगा सुरू झाला, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकदम शेकडो फोन.

बाजार बघताना मी माणसांकडे न बघता खाली बघितलं. भाजीच्या परड्या रुळांना अगदी लागून ठेवलेल्या असतात. ताडपत्र्या मागे ओढतात, उंच मांडलेलं मागे सरकवतात, काही मांडवांना तर छोटी चाकं आहेत, ढकललं की झालं. पण टोमॅटोच्या परड्या जागच्या हलत नाहीत. गाडीचा पत्रा त्यांच्यावरून चार बोटं अंतर ठेवून जातो. एका मावशीने गाडी समोरून जात असताना मिरच्यांची देठं खुडणं थांबवलं नाही. डबा पुढे गेला, तिने ताडपत्री पुढे ओढली. बस.

खरं सांगायचं तर बाजारात आता गिऱ्हाईक कमी, फोटोवालेच जास्त. रूळालगतच्या चहाच्या दुकानांत बसायचे पैसे गाडीच्या वेळेला वाढतात. टुरिस्ट गाड्यांतून आलेले लोक अर्धा तास उभे राहतात आणि परत जातात. त्यांनी बाजार पाहिला, मिठागरं पाहिली नाहीत. परतीला मात्र आम्हीही मिनीव्हॅन केली. तोच सगळा क्रम उलटा करायचा तर साडेतीनपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि दादाचा गुडघा बोलायला लागला होता.

संध्याकाळी सेन सेप कालव्याची बोट, हॉटेलजवळच्या हुआ चांग धक्क्यावरून फान फापर्यंत. नदीच्या बोटीत ऐसपैस वाटतं, ही अरुंद आणि पिसाट. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालतो, एका हाताने दोर धरून, दुसऱ्याने पैसे घेत. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करायचा, म्हणजे काळं पाणी अंगावर येत नाही. हे काम माझ्याकडे आलं. पूल आला की बोटीचं छप्परच खाली बसतं, सगळ्यांनी माना वाकवायच्या. फान फाहून सुवर्णगिरी या टेकडीवरच्या देवळाच्या तीनशेच्या वर पायऱ्या वहिनी आणि मी चढलो. दादा खाली नारळपाणी पीत बसला.

रविवार

सकाळी साडेपाचला रेल लिंक सुरू होते आणि विमान सव्वानऊचं. तिकीट काढतानाच हे जुळवलेलं. इमिग्रेशन ओलांडलं की आत समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे : मधे मंदराचल, भोवती वासुकी, एका बाजूला देव, एका बाजूला दैत्य. विमानाच्या घाईत लोक त्याच्याशी सेल्फी काढून पळतात. आम्ही तिथेच बसून नाशिकहून आणलेला उरलेला चिवडा संपवला. सिंहस्थासाठी घरापुढचा रस्ता खणून ठेवलेल्या माणसाला अमृताच्या घड्याकडे जरा निवांत बघावंसं वाटतंच.

हिशोब वहिनीने विमानातच मांडला. विमान आणि हॉटेल सोडून पाहिलं तर सगळ्यात मोठा खर्च देवळांच्या आणि राजवाड्याच्या तिकिटांचा निघाला, त्याखाली खाणं, आणि रेल्वे-बोटी पार तळाला. ज्यांच्याबरोबर फार वयस्कर माणसं किंवा कडेवरचं मूल आहे त्यांनी अयुथया किंवा मेक्लोंग यातलं एकच करावं, आणि जिथे दोनदा बदलावं लागतं तिथे खुशाल टॅक्सी घ्यावी. बीटीएसच्या सगळ्या स्टेशनांना दोन्ही दिशांचे सरकते जिने नाहीत, लिफ्ट असते पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला.

मुंबईला बाराच्या पुढे उतरलो, मेट्रोने सीएसएमटी, तीनची सेवाग्राम एक्स्प्रेस, आणि साडेसहाच्या आसपास नाशिकरोड. तिथे सिटीलिंकची निमाणीची बस लागलेलीच होती. घरी गेलो तेव्हा आठ वाजून गेले होते. सेवाग्राम वेळेवर होती. उशीर झाला तो द्वारका चौकात.